ओट्यावरून उतरताना

शहापूरच्या आमच्या जुन्या घराच्या ओट्याला एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. लाकडाची मोळी घेऊन येणारी ठाकरीण, पावसाआधी करवंदं आणि पावसात रानभाज्या आणणारी कातकरीण, मेलेलं गुरू ओढून न्यायला बोलावलेला माणूस, या सगळ्यांना चहा त्या एकाच कपातून. आजी किटली उंच धरून चहा ओतायची. किटलीचं तोंड कपाला लागत नसे आणि थेंबभरही बाहेर सांडत नसे. लहानपणी मला त्या सफाईचं फार कौतुक वाटायचं. चहा झाला की आजी वरूनच तांब्याने पाणी सोडायची, पिणारा कप विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचा.

आजोबा मात्र सुधारक. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी उपोषण केलं, तेव्हा आजोबांनी गावात सह्या गोळा केल्या होत्या, ही गोष्ट घरात आल्यागेल्याला सांगितली जायची. विठोबाचं देऊळ उघडलं. आमचा कोनाडा तसाच राहिला. या दोन गोष्टी एकाच घरात सुखाने नांदत होत्या, आणि त्यात काही विसंगत आहे असं आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हतं.

मग धाकटी काकू लग्न होऊन आली. मुंबईची, शिकलेली, राष्ट्र सेवा दलात वाढलेली. आल्यावर महिन्याभरातच तिने मोळीवाल्या बाईला घरातल्या कपबशीतून चहा दिला. बाईने कपबशीकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, उठली आणि कोनाड्यातला कप घेऊन आली. म्हणाली, "माझा यातच वत." काकूला ते फार लागलं. मला मात्र त्याचा अर्थ उमगायला पंचवीस-तीस वर्षं गेली. मोळीवाली बाई आमच्या एकट्या घरी येत नव्हती. तिला त्या आळीतल्या बारा घरी लाकडं घालायची होती. आमच्या ओट्यावर तिने बशी हातात घेतली हे समोरच्या ओट्यावरून कोणी पाहिलं असतं, तर काकूच्या धाडसाची चर्चा झाली असती आणि बाईची मोळी दुसऱ्या दिवशी परत गेली असती.

या लेखाचं निमित्त तो कप आहे. भिंतीच्या वरच्या बाजूला जन्मलेली काही माणसं खालच्या बाजूने लढायला उतरतात. अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या लढ्यात उतरलेल्या गोऱ्यांवर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं आहे. आपल्याकडे या विषयाचा आरंभ खरं तर फार जुना. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरून. कित्ता कोणी गिरवला? मी माझ्या दोन तालुक्यांतून, शहापूर आणि मुरबाडमधून, त्याचा माग काढत गेलो.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, नाहीतर बदलापूरला उतरून बारवीच्या बाजूने जाणारा रस्ता. त्या बदलापुरात मे १९२७ मध्ये शिवजयंतीचा मोठा उत्सव झाला आणि त्याचं अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देण्यात आलं. महाडच्या तळ्यावरची डोकी फुटून अजून दोन महिनेही झाले नव्हते. पुढाकार घेणाऱ्यांत पालयेशास्त्री नावाचे गावातले ब्राह्मण होते. अध्यक्ष म्हणून कोणाला बोलावतो आहोत हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. उद्या त्याच गावात राहायचं होतं, तिथल्याच लोकांच्या पंगतीला बसायचं होतं.

महाडकडे वळायलाच हवं, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं तिथे एका वर्षात घडून गेलं.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मांडला तो सीताराम केशव बोले यांनी. त्याच्या आधाराने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत केला. नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस, जातीने कायस्थ प्रभू. ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली, आणि तीन वर्षं एकाही अस्पृश्याने तळ्यावर पाऊल टाकलं नाही. टाकणार कसं? बाजारपेठ तीच, सावकार तोच, वहिवाट तीच. कागद वरच्या माणसांनी केला, पाणी मात्र अस्पर्श राहिलं. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, आणि २० तारखेला अनंतराव चित्रे यांनी सुचवल्यावर सगळी परिषद उठून तळ्याकडे निघाली. चित्रेही कायस्थ प्रभू. ओंजळ मात्र बाबासाहेबांची आणि त्यांच्यामागच्या हजारो माणसांची. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून गावगुंडांनी जेवायला बसलेल्या माणसांना झोडपलं. मार पडला तो ज्यांनी पाणी प्यायलं त्यांना. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठरावही मागे घेतला. खुर्चीवरच्या मित्राचा हात किती दूरवर पोचतो ते महाडने असं रोखठोक दाखवून दिलं.

डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी एक प्रसंग घडला, तो मला तळ्याच्या पाण्याइतकाच मोलाचा वाटतो. ब्राह्मणेतर पक्षाचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली: या लढ्यात एकही ब्राह्मण नको, कितीही चांगला असला तरी नको. माणसांची, पैशाची, वजनाची गरज असताना आलेली मदत होती ती. बाबासाहेबांनी अट नाकारली. आपलं भांडण ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, ब्राह्मण्याशी आहे, आणि ते ब्राह्मण्य ब्राह्मणेतरातही असू शकतं, अशी त्यांची मांडणी होती. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी आणि अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी. एक ब्राह्मण, एक चांभार. परिषदेला गावातल्या हिंदूंनी जागा दिली नव्हती. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जागेत ती भरली होती.

हे सगळे 'मदतनीस' म्हणून नोंदले जातात, पण बाबासाहेबांनी त्यांना कामाला लावलं होतं. सहस्रबुद्ध्यांनी पुढे बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचं संपादन केलं. चित्रे आणि टिपणीस १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार झाले. पाठ थोपटून घेण्यासाठी आलेल्या माणसाला असं जुंपलं की तो टिकतो तरी किंवा पळतो तरी. निर्णय कोणाच्या हातात आहे याबद्दल तिथे संदिग्धता नव्हती. अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या चळवळींना हाच प्रश्न चाळीस वर्षांनी छळणार होता.

टिळकांच्या धाकट्या मुलाची, श्रीधरपंतांची गोष्ट मला कधीच नीट वाचून संपवता येत नाही. समाज समता संघाची शाखा त्याने काढली ती कुठे, तर पुण्याच्या गायकवाड वाड्यात. 'केसरी'च्या घरात! एप्रिल १९२८ मध्ये तिथे सहभोजन झालं, बाबासाहेब आले. पुढच्याच महिन्यात, २५ मे रोजी, श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. वाड्याच्या आणि 'केसरी'च्या विश्वस्तांशी चाललेल्या वादांनी तो माणूस पिचला होता. मरण्यापूर्वी लिहिलेल्या पत्रांपैकी एक आंबेडकरांना होतं. वाडीवस्तीवर जाऊन प्रौढशिक्षणाचा वर्ग घेणं एक, आणि बापाच्या वाड्यात अस्पृश्यांची पंगत मांडणं दुसरं. पहिल्याला लोक त्याग म्हणतात. दुसऱ्याला घरभेदीपणा म्हणतात.

महाड आणि आमचा ठाणे जिल्हा यांच्यामधला दुवा एका माणसात आहे: शामराव परुळेकर. भारत सेवक समाजातून आलेले, आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाकांवर आंबेडकरांबरोबर बसलेले. खोती रद्द करा म्हणून १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या कुळांचा प्रचंड मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात आंबेडकरांसोबत परुळेकर आणि चित्रे होते. पुढे शामराव कम्युनिस्ट पक्षात गेले. गोदावरी गोखले ही त्यांची सहकारी आणि नंतर पत्नी. पुण्यातल्या नामांकित वकिलाची मुलगी. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणारी पहिली स्त्री असं त्यांच्याबद्दल म्हणतात. सत्याग्रहात उतरली म्हणून घर तुटलं. मुंबईत आल्यावर त्यांनी जे काम हाती घेतलं ते पाहा: घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच मोरीत भांडी घासणाऱ्या बायका. आपल्याच आळीशी भांडण.

महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन ७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्यात झालं. टिटवाळा म्हटलं की आज लोकांना गणपती आठवतो. आमच्या आसनगाव स्टेशनापासून ते लोकलने तिसरं स्टेशन. तिथे उंबरगाव तालुक्यातून माया धांगडा आणि त्याच्याबरोबर काही वारली आले होते. त्यांनी व्यासपीठावर वेठीची हकीकत सांगितली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराकडे जन्मभर राबतात, त्याला लग्नगडी म्हणतात, हे बहुतेक प्रतिनिधींनी तिथे पहिल्यांदा ऐकलं असेल. आमच्या तालुक्यातल्या माणसांना तो शब्द नवा नसावा. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरीला परिषद झाली, लग्नगडी सुटले, वेठ मोडली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या गोदूताईंच्या, म्हणजे गोदावरी परुळेकरांच्या, पुस्तकात ते सगळं आहे. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेलं ते पुस्तक बऱ्याच घरांत असतं. आमच्याही होतं, कोनाड्यापासून चार हातांवरच्या कपाटात.

पण १० ऑक्टोबर १९४५ ची तलवाड्याची गोष्ट त्या पुस्तकाच्या कौतुकात हरवून जाते. गोदूताईंचं नाव घेऊन गावोगाव निरोप फिरला आणि हजारो वारली तलवाड्याला जमले. गोदूताई तिथे नव्हत्याच. निरोप जमीनदारांच्या बाजूने पेरलेला होता. जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच आदिवासी मेले. त्यांतला पहिला जेठ्या गांगड. ताई येणार आहेत या विश्वासावर माणसं जागची हलली नाहीत. ज्या नावावर लोक इतके विसंबतात, ते नाव शत्रूच्याही कामी येतं. यात गोदूताईंचा काडीचा दोष नाही, आणि त्यांच्या इतकं पायी हिंडलेलं, सुकी भाकर खाऊन झोपडीत राहिलेलं दुसरं माणूस त्या काळात दाखवणं कठीण. पण बाहेरून आलेल्या चांगल्या माणसाभोवती चळवळ उभी राहते तेव्हा असा एक धोका तिच्या पायातच असतो.

आणि स्मरणाचं काय? पुण्या-मुंबईतल्या वाचकांपैकी दहांना गोदावरी परुळेकर माहीत असतील. जेठ्या गांगड किती जणांना? हे आपलंच असं नाही. अमेरिकेत १९६५ च्या फेब्रुवारीत अलाबामात जिमी ली जॅक्सन या काळ्या तरुणाला पोलिसाची गोळी लागली आणि तो दवाखान्यात मेला. देश फारसा हलला नाही. मार्चमध्ये जेम्स रीब हा गोरा पाद्री सेल्मा गावात झालेल्या मारहाणीने मेला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी त्याच्या बायकोला फोन केला आणि गावोगाव शोकसभा झाल्या. त्याच महिन्यात व्हायोला लिउझो ही डेट्रॉइटची पाच मुलांची गोरी आई मोर्च्यातल्या माणसांना गाडीने पोचवताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी टोळीच्या गोळीला बळी पडली. रीब आणि लिउझो यांचं मरण थोर होतं. पण देशाला जाग यायला गोरं प्रेत लागलं, हे काळ्या कार्यकर्त्यांच्या मनात खुपत राहिलं. पुढच्या वर्षी त्यांच्या विद्यार्थी संघटनेने गोऱ्या सभासदांना सांगितलं: तुम्हाला वंशद्वेष संपवायचा आहे ना, मग तो जिथे राहतो तिथे जा, आपल्या गोऱ्या वस्तीत काम करा. आफ्रिकेत स्टीव्ह बिको आणि त्याच्या सोबत्यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी गोऱ्या उदारमतवाद्यांच्या विद्यार्थी संघटनेतून बाहेर पडून आपली वेगळी संघटना काढली, तीही याच रागातून.

आपल्याच वस्तीत काम करण्याचा हा सल्ला मला महाडच्या टिपणिसांच्या वाटेपेक्षा वेगळा वाटत नाही. ते आपल्याच गावात, आपल्याच पालिकेत, आपल्याच शेजाऱ्यांशी भांडले. आमच्या काकूनेही तेच केलं होतं, फक्त ती सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करत होती. बशी बाईच्या हातात देण्याआधी समोरच्या ओट्यावरच्यांशी भांडायला हवं होतं.

दिवाळी अंक हाती पडायच्या सुमारास आमच्याकडच्या कातकरी वाड्यांवर ट्रक आणि टेम्पो उभे राहतात. वीटभट्टीचा हंगाम. गणपती ते दिवाळी या काळात मुकादम येऊन उचल देऊन गेलेला असतो, कारण पावसाळ्याच्या शेवटी कातकऱ्याच्या घरात दाणा नसतो. तीच उचल घेतली की पाऊस पडेपर्यंतचा अख्खा संसार भट्टीवर: पत्र्याची डबडी, कोंबड्या, पोरं, कुत्रं. तिथे गारा करायचा, विटा थापायच्या, दर आठवड्याला खर्ची घ्यायची. हंगाम संपला की मालकाच्या वहीत हिशेब होतो आणि बहुतेकदा मजुरावरच बाकी निघते. बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत.

कायद्याच्या भाषेत याला वेठबिगार म्हणतात. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्यात एक तरतूद अशी आहे की ती वाचून मी दोनदा पान उलटून पाहिलं: कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकाराची, मजुराची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्च्याच्या निकालात हे आणखी पक्कं केलं. कायदा असा सोन्याचा. पण तो कचेरीच्या पायरीवर कोण घेऊन जाणार?

इथे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांचं नाव येतं. वसई तालुक्यातल्या दहिसर गावच्या वेठबिगारांच्या प्रश्नातून १९८० च्या दशकाच्या आरंभी श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि भिवंडी, वाडा, शहापूर, मुरबाडकडे पसरली. १९९९ साली अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या लंडनच्या जुन्या संस्थेने या दोघांचा गौरव केला. विद्युल्लताताईंच्या पुढाकाराने भट्ट्यांवर भोंगा शाळा निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुराची गवताची, पेंढ्याची ठेंगणी झोपडी. मास्तर तिथे जाऊन शिकवणार, पोरांनी शाळेकडे यायचं नाही, शाळेने पोरांकडे जायचं. संघटनेच्या पुढच्या राजकारणाबद्दल आमच्याकडे दोन मतं आहेत आणि चहाच्या टपरीवर दोन्ही मोठ्याने बोलली जातात. पण 'जिंदाबाद' हा शब्द कातकऱ्याच्या तोंडात नमस्कारासारखा बसला तो या लोकांमुळे, हे विरोधकही मान्य करतात. पूर्वी तोच माणूस साहेबासमोर चपला काढून उभा राहायचा.

शहरातून आलेल्या शिकलेल्या माणसाचा खरा उपयोग काय, हे मला एका सरकारी कचेरीत कळलं. एका कातकरी तरुणाच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याच्याबरोबर गेलो होतो. १९५० पूर्वीचा पुरावा हवा. ज्याच्या आज्याने कधी शाळा पाहिली नाही, जमीन नावावर केली नाही, त्याच्याकडे १९५० चा कागद कुठून यायचा? टेबलामागच्या माणसाने माझं आडनाव विचारलं, खुर्ची पुढे सरकवली आणि पुढची वीस मिनिटं त्या तरुणाच्या पणज्याबद्दल माझ्याशी बोलला. अर्जदार माझ्या खुर्चीमागे उभा. काम झालं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुम्ही नसता तर नसतं झालं." मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची दुसऱ्या क्षणी लाज वाटली. आडनाव पुढे करून कामं करून देणारा माणूस आडनावाची सत्ता आणखी पक्की करतो. आणि न करावं तर दाखला राहतो. या पेचातून सुटलेला एकही कार्यकर्ता मला भेटलेला नाही. फरक एवढाच की काहींना पेच दिसतो.

दक्षिण आफ्रिकेत डेनिस गोल्डबर्गला हा पेच तुरुंगानेच दाखवून दिला. १९६४ च्या रिव्होनिया खटल्यात मंडेलांबरोबर जन्मठेप झालेल्या आठ जणांत तो एकटा गोरा. बाकी सातांना रॉबेन बेटावर पाठवलं, त्यांत भारतीय वंशाचे अहमद कथराडाही होते. गोल्डबर्गला प्रिटोरियाच्या गोऱ्यांच्या तुरुंगात ठेवलं. तो बावीस वर्षं आत होता. ज्यांच्यासाठी लढला त्यांच्याशेजारी शिक्षा भोगण्याचा हक्कही कातडीने नाकारला.

अर्थात कातकऱ्याची वेठ आणि महाराची अस्पृश्यता एक नव्हे, आणि आफ्रिकेतला वर्णभेद त्याहून वेगळा. महाराला गावाबाहेर ठेवलं, पण गावाच्या कामाला बांधून. कातकऱ्याला गाव ओळखतच नव्हतं. इंग्रजांनी त्याच्या कपाळावर गुन्हेगार असा शिक्का मारला होता, तो पुढे कागदावरून पुसला गेला, लोकांच्या डोक्यातून नाही. सारखं आहे ते एवढंच की तिन्हीकडे कोणीतरी ओट्यावर बसलेलं असतं.

पाण्याची गोष्ट आमच्याकडे वेगळ्याच रीतीने फिरून आली. तानसा, मोडकसागर, भातसा ही सगळी शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावरची धरणं. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. मुंबईच्या निम्म्याच्या आसपास पाणी आज एकट्या भातशातून जातं. आणि एप्रिल उजाडला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघणारे हंडे रांगेत लागतात. चवदार तळ्यावर हात लावू दिला जात नव्हता. इथे हात कोणी धरत नाही, पाणीच जलवाहिनीतून पुढे निघून जातं. ती जलवाहिनी काही वाड्यांच्या अगदी अंगणाजवळून जाते, पत्र्यावर कान ठेवला तर आतला आवाज ऐकू येतो. मी ठेवला आहे.

मुरबाडमध्ये मुंबईभोवतालच्या शहरांसाठी आणखी एक धरण ठरलं, काळू नदीवर, माळशेजच्या पायथ्याला. साधारण हजार हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार होतं. ग्रामसभांची संमती नाही, वनखात्याची अंतिम परवानगी नाही, आणि पोकलेन मात्र कामाला लागलेले. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ साली कामाला स्थगिती मिळाली. या संघटनेच्या इंदवी तुळपुळे यांचं नाव वर्तमानपत्रांत येत राहिलं, आणि ते स्वाभाविक आहे. पत्रकाराला नाव लागतं, फोन उचलणारं माणूस लागतं, तेही मराठी-इंग्रजीत धडाधड बोलणारं. मीही तेच करतो. पण न्यायालयात जे टिकलं ते ग्रामसभेच्या कागदामुळे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीला बोलायचा अधिकार दिला, आणि वाडी बोलली.

मुरबाडलाच एक सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे मारले गेले. कोतवाल माथेरानच्या न्हावी घरातले, वकील झालेले, आणि टंचाईत आदिवासींसाठी धान्याची कोठारं उघडणारे. मित्र म्हणून बाहेरून येणाऱ्या मोठ्या माणसांची गोष्ट सांगताना या परिसराला आपली माणसंही होती, हे विसरायला होतं. या लेखातसुद्धा त्यांना चारच ओळी मिळाल्या.

मागच्या उन्हाळ्यात मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीत वनहक्काची बैठक होती. मी दुपारी पोचलो. संघटनेची शहरातून आलेली कार्यकर्ती अजून आली नव्हती, एसटी चुकली होती. वाट पाहावी असं कोणाच्या मनात नव्हतं. समाजमंदिराच्या फरशीवर चाळीसेक माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बाया. एक बाई सातबाराची झेरॉक्स डोळ्यांजवळ धरून कोणाच्या दळीचा नकाशा चुकला ते सांगत होती. दळी म्हणजे डोंगर-उतारावरची नाचणी-वरईची जमीन. दोघं भांडले, एक रुसून बाहेर जाऊन विडी ओढून आला. तासाभराने कार्यकर्ती आली, घामाने भिजलेली, आणि दारापाशी जागा होती तिथे बसली. कोणी बैठक थांबवली नाही. नकाशावाल्या बाईने फक्त मान वळवून म्हटलं, "ताई, ते हद्दीचं लिवून घ्या," आणि ताई लिहून घ्यायला लागली.

बैठक संपल्यावर चहा आला. माणसांसाठी स्टीलचे पेले, ताईलाही पेला. माझ्यासाठी कोणीतरी पळत शेजारच्या घरी गेलं आणि कपबशी घेऊन आलं. पांढरी, निळी फुलं असलेली, कान शाबूत. मी म्हटलं, मलाही पेल्यातूनच द्या. चहा ओतणारी बाई हसली.

"पेले कमी हायत," ती म्हणाली. "कपातच घ्या तुम्ही."